बाटली क्रमांक एक

"पुन्हा एकदा वाचा," सबनीस म्हणाले. "साहेबाचं नको. त्या बाटलीवाल्याचं."

मी पान उलटलं. हाताला घाम आला होता आणि कागदाच्या कडेवर बोटांचे ओले ठसे उमटत होते. गोरेगावातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरची ती खोली. लांबलचक टेबल, भोवती आठ-नऊ माणसं, मधे वेफर्सची फोडलेली पाकिटं. मी ग्रंथपाल होतो त्या देवखिंडच्या वाचनालयात याच्या निम्म्या माणसांसमोर आभार मानायची वेळ आली तरी मी आदल्या दिवशीपासून जेवत नसे.

"आता मुद्दा असा," मी वाचलं, आणि माझ्या उजव्या हाताचं बोट आपोआप वर गेलं.

खोली हसली.

मी दचकून थांबलो. काही चुकलं असेल असं वाटलं.

"थांबू नका, सर. जाऊ द्या पुढे."

"आता मुद्दा असा. ही बाटली क्रमांक एक. हिच्यात जे आहे त्याला तुम्ही पाणी म्हणताय. ही बाटली क्रमांक दोन. हिच्यात तर तुम्हीसुद्धा म्हणणार नाही."

पुन्हा हसले. कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असलेला चहावालाही हसला. मी मान खाली घालून वाचत राहिलो. पण आवाज माझा राहिला नव्हता. शब्दांच्या शेवटी जरा थांबायचं, खालचा ओठ पुढे काढायचा, पिशवी धरल्यासारखा डावा हात टेबलाखाली न्यायचा. मला नक्कल येत नाही, कधीच आली नाही. मला एवढंच माहीत होतं की ही वाक्यं भगवानराव अशीच बोलतात.

तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. माझ्या बोलण्याला एखादी खोली अशी हसल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं. आज एवढ्या वर्षांनी लिहितानाही त्या हसण्याची ऊब आठवते, आणि ती आठवते याची लाज वाटते.

माझ्या शेजारी ऋजुता नावाची एक मुलगी बसली होती. तिच्यापुढे त्याच लेखनाची एक प्रत होती आणि हातात लाल पेन्सिल. माणसं हसली की ती त्या ओळीसमोर समासात एक खूण करायची. मोठं हसली तर दोन. वाचन संपल्यावर तिने तो कागद सबनीसांकडे सरकवला. सबनीस त्या विनोदी कार्यक्रमाचे दिग्दर्शक. त्यांनी पानं चाळली आणि मला दाखवली.

"हे बघा, मोडकसर. आमच्याकडे एकच शास्त्र आहे. जिथे खूण, ते राहतं. जिथे खूण नाही, ते जातं. त्यात माझंसुद्धा चालत नाही."

मी पाहिलं. बाटलीवाल्याच्या ओळींसमोर समास लाल झाला होता. मुख्याधिकाऱ्याच्या ओळींसमोर तो कोरा होता. अडीच पानं कोरा.

आता मुख्याधिकारी कोण आणि बाटलीवाला कोण ते सांगायला हवं.

भगवान ऐवळे आमच्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात तीस वर्षं पंप ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी दहाला वाचनालयात यायचे, पेपर शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचायचे आणि मग माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. ते राहत त्या खालच्या वस्तीची पाण्याची लाइन गटारातून गेली होती. जुना लोखंडी पाइप, ठिकठिकाणी गंजलेला. पंप बंद झाला की पाइपात बाहेरचं आत ओढलं जातं, हे त्यांना कुठल्याही इंजिनिअरपेक्षा चांगलं माहीत होतं. वस्तीत दर पावसाळ्यात कावीळ यायची. लाइन बदलून द्या, एवढीच त्यांची मागणी होती. त्यासाठी चार वर्षं ते अर्ज करत होते, आणि ते अर्ज मी लिहून देत होतो.

"सर, जरा कडक लिवा," ते म्हणायचे.

"कडक लिहिलं की फाइल बंद करतात, भगवानराव. गोड लिहू."

"गोड लिवून चार वर्सं झाली की."

त्यांच्याकडे एक खाकी पिशवी होती. तिच्यात काचेच्या बाटल्या. प्रत्येक वेळी नळाला गढूळ पाणी आलं की एक बाटली भरायची, बूच लावून मेणाने बंद करायची, चिठ्ठीवर क्रमांक आणि तारीख घालायची. अर्जासोबत मी त्यांची यादी जोडत असे. ती यादी बाटली क्रमांक दोनपासून सुरू व्हायची. एक क्रमांकाची बाटली घरीच असे. तसं का, ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं आणि पुन्हा तो विषय निघाला नव्हता.

याच सगळ्यावरून मी एका दिवाळी अंकात एक लेख लिहिला होता. त्यात एक अर्जदार नगरपालिकेत गढूळ पाण्याची बाटली घेऊन जातो. मुख्याधिकारी स्वतः सीलबंद पाणी पीत पीत त्याला सांगतात की पुरावा तीन प्रतींत लागेल, त्यातली एक साक्षांकित हवी. अर्जदार पाण्याची साक्षांकित प्रत मिळवायला दारोदार फिरतो, आणि शेवटी तहसीलदार बाटलीवर शिक्का मारतात, 'मुळाबरहुकूम गढूळ'. लेख चार लोकांनी वाचला असेल. त्यातले एक सबनीस निघाले. त्यांचं पत्र आलं, मग फोन आला. वीस मिनिटांचं प्रहसन करून द्या म्हणाले.

मी नको म्हणणार होतो. भगवानरावांनी म्हणू दिलं नाही.

"सर, पेपरातलं काय, उद्या त्यात भजी बांधत्यात. टीव्हीवरचं बारकी पोरंबी बघत्यात. ह्यो साहेब एकदा टीव्हीवर दिसू दे की लोकान्ला. आन् मुद्दा आसा, की सुनावणी इसाला हाय. त्याच्या आदी झालं तर लई बरं."

प्रांताधिकाऱ्यांसमोरची ती सुनावणी चार वर्षांच्या अर्जांनंतर मिळाली होती. वीस तारीख, बुधवार. मी सबनीसांना मुद्दाम विचारलं. प्रहसन त्याआधीच्या शनिवारी दाखवू म्हणाले. मला ते शुभ वाटलं.

"साक्षांकित प्रतीचं हे सगळं," मी त्या खोलीत सबनीसांना म्हणालो, "तेच तर मुख्य आहे."

"वाचायला फार छान आहे, सर. मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे."

"मग?"

"बरोबर आहे म्हणाली. हसली नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. आठवड्याला चार भाग करायचा. "असं बघा. साहेबावर हसायचं तर साहेब ओळखीचा असावा लागतो. आणि ओळखीचा असला की लोक हसत नाहीत, चिडतात. चिडलेला माणूस चॅनल बदलतो. तुमच्याकडे उपहास भरपूर आहे. मला थोडा विनोद द्या."

"पण मग चूक कोणाची ते—"

"साहेब राहील ना. साहेब खुर्चीत बसेल आणि आपला बाटलीवाला त्याला भंडावून सोडेल. बाटल्या संपतच नाहीत. सात, आठ, नऊ. केरकर करतील ते. केरकर, करणार ना?"

टेबलाच्या टोकाला बसलेले केरकर इतका वेळ डोळे मिटून ऐकत होते. वाहिनीवरचे सर्वांत लाडके नट. माझ्या बायकोला त्यांची वाक्यं पाठ होती. ते उठून माझ्याजवळ आले.

"सर, तो ओठ कसा काढलात, परत दाखवा ना."

मी दाखवला.

"आणि पिशवी डाव्याच हातात असते?"

"डाव्याच. उजव्या हाताचं बोट मोकळं लागतं त्यांना."

"त्यांना म्हणजे? खरा माणूस आहे?"

"नाही नाही," मी म्हणालो. "म्हणजे, असे असतात."

जेवणानंतर केरकरांनी स्वतः वाचलं. वाचलं कसलं, उभे राहून केलंच. त्यांनी एका दिवसात, खरं तर एका तासात, भगवानराव अंगात घेतले होते, फक्त थोडे फुगवून. मधेच ऋजुताचा फोन वाजला म्हणून ती कागद माझ्यापुढे सरकवून दहा मिनिटं बाहेर गेली. पेन्सिल तिच्या केसांत खोचलेली तशीच गेली. संध्याकाळी मी परतीच्या एसटीत बसलो तेव्हा सबनीसांनी मला दारापर्यंत सोडताना म्हटलेलं वाक्य मनात घोळत होतं. "तुम्ही इतके दिवस होतात कुठे?"

सकाळी दहाला भगवानराव वाचनालयात हजर होते. पेपर हातात घेतला नव्हता.

"झालं?"

"झालं."

"साहेबाचं ठेवलं न्हवं?"

"ठेवलंय. थोडं कमी केलंय. वेळेत बसवावं लागतं त्यांना."

"तेबी खरंच," ते म्हणाले. "शिक्क्याचं हाय न्हवं? मुळाबरहुकूम गढूळ?" आणि स्वतःच हसले. ते वाक्य त्यांना फार आवडायचं.

मी रजिस्टर उघडलं आणि काहीतरी शोधू लागलो.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला त्यांनी मला वस्तीवर बोलावलं. मी आमच्या घरीच टीव्हीवर पाहीन म्हटलं तर ऐकेनात. घरातला टीव्ही उचलून अंगणात स्टुलावर ठेवला होता, वायर खिडकीतून आत गेली होती. तीसेक माणसं सतरंज्यांवर बसली होती. मला आणि भगवानरावांना खुर्च्या. त्यांच्या सुनेने, शालनने, सगळ्यांना पोहे केले होते. भगवानरावांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता.

"आपल्या पाण्याचं हाय," ते सगळ्यांना सांगत होते. "सरांनी लिवलंय. गप बसून बघा."

सुरुवात झाली. साहेब खुर्चीत दिसला. लोक सरसावून बसले. मग दार ढकलून केरकर आत आले. डाव्या हातात खाकी पिशवी, खालचा ओठ पुढे. त्यांनी बोट वर केलं.

"आता मुद्दा असा."

टीव्हीतले लोक हसले. अंगणात क्षणभर कोणीच हसलं नाही. मग मागून एका पोराने हळूच म्हटलं, "आज्जा, तुमी हाय की ह्ये," आणि दोन-तीन बायकांनी तोंडाला पदर लावला. मग हळूहळू सगळेच हसायला लागले. त्यांचा दोष नव्हता. केरकर खरोखर फार चांगले नट होते.

भगवानरावही हसले. "बराबर धरलंय की गड्यानं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. मग थोड्या वेळाने, "साहेबाचं कवा येतंय?"

"येईल," मी म्हणालो.

साहेब कपाळाला हात लावून बसला होता. बाटलीवाला एकामागून एक बाटल्या काढत होता, टेबलावर मांडत होता, पाडत होता, फायलींवर सांडत होता. साहेब बिचारा पुसत होता. मग साहेब म्हणाला, "अहो, पण हे पाणी खराब आहे कशावरून?" आणि केरकरांनी बाटली क्रमांक एक उचलली, तिच्यावरची तारीख मोठ्याने वाचली, बूच काढलं आणि घटाघट प्यायले. मग त्यांनी डोळे फिरवले, पोट धरलं, पाय आवळले आणि खोलीभर नाचत संडास शोधायला लागले. टीव्हीतले लोक टाळ्या वाजवत होते. तो नाच चांगला दीड मिनिट चालला.

अंगणात मात्र हसू थांबलं होतं. मला आधी कळलं नाही. मग बघितलं तर शालन दारात उभी होती आणि हातातली ताटली तिने उलटी छातीशी धरली होती.

भगवानराव टीव्हीकडेच बघत होते.

"एक नंबर कशाला घेतली, सर?" ते हळू म्हणाले. "दोन घ्याची."

एक नंबरची बाटली त्यांनी नळावर भरली नव्हती. घरातल्या माठातून भरली होती. ज्या दिवशी त्यांची बायको हिराबाई हिला पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी सिव्हिल हॉस्पिटलात नेलं, त्या दिवशी माठात उरलेलं पाणी होतं ते. हिराबाई परत आली नाही. ती बाटली कोणत्याही कचेरीत न्यायची नाही, तिच्यावर कोणी शिक्का मारायचा नाही, असं त्यांनी मला सांगितलं होतं. 'तेवढी यादीत घालू नका, सर.' मी कधी घातली नव्हती. लिहिताना मात्र एकापासून मोजलं तर बरं वाटतं म्हणून एक लिहिलं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो आहे.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी उठून टीव्ही बंद केला. वायर गुंडाळली.

"पोहे खाल्ले न्हाईत तुमी," ते म्हणाले.

बुधवारी मी वाचनालय बंद ठेवून सुनावणीला गेलो. ते मला बोलवायला आले नव्हते, पण येऊ नका असंही म्हणाले नव्हते. प्रांत कचेरीच्या लांब खोलीत मागच्या बाकावर बसलो. अकराला अर्ज पुकारला गेला. भगवानराव पुढे गेले. तोच पांढरा शर्ट. डाव्या हातात पिशवी.

समोर प्रांताधिकारी, बाजूला पालिकेचे मुख्याधिकारी आणि त्यांचे दोन कारकून. अधिकारी तरुण होते, चेहऱ्याने सभ्य. "बोला," म्हणाले.

भगवानरावांनी घसा साफ केला. बोट वर गेलं. चाळीस वर्षांची सवय, ती एका शनिवारात कशी जाणार.

"आता मुद्दा आसा—"

पालिकेचा एक कारकून फिसकन हसला. त्याने लगेच रुमाल तोंडाला लावला, पण तोपर्यंत शिपाई हसला होता, आणि बाकांवर बसलेली आपापल्या कामासाठी आलेली माणसंही. त्या माणसांमध्ये पाण्यासाठी आलेले दोघे-तिघे असावेत. अधिकाऱ्यांनी टेबलावर पेन आपटलं, पण त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. शनिवारी त्यांच्याही घरी टीव्ही चालू असणार.

"शांत राहा," ते म्हणाले. "बोला बाबा. पुरावा आणलाय?"

भगवानरावांनी पिशवीतून बाटल्या काढायला सुरुवात केली. प्रत्येक बाटली टेबलावर ठेवताना तिचा आवाज होई आणि त्या आवाजागणिक बाकांवर कोणीतरी हसू दाबत असे. त्यांनी पाच ठेवल्या. दुसरा कारकून यादी वाचत होता.

"साहेब, यादी दोनपासून आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "एक नंबर कुठाय, आजोबा? प्यालात काय?"

या वेळी रुमाल कोणी लावला नाही. मुख्याधिकारी मान मागे टाकून हसले. मला त्यांचे दात अजून आठवतात.

भगवानराव वळले. मला वाटलं ते मला शोधतायत. त्यांची नजर बाकांवरून फिरली, माझ्यावरून गेली आणि थांबली नाही. मी उठून उभं राहायला हवं होतं. एवढंच सांगायला हवं होतं, की ते लेखन माझं आहे आणि एक नंबरची बाटली कोणाची आहे. तोंडात वाक्य तयार होतं. चांगलं, आटोपशीर वाक्य होतं. मी ते तिथे बसूनच दोनदा दुरुस्त केलं.

तोवर भगवानरावांनी बाटल्या परत पिशवीत भरल्या. एकेक, सावकाश, एकमेकींवर आपटणार नाहीत अशा.

"अहो, म्हणणं मांडा की," अधिकारी म्हणाले. आता ते खरोखर गंभीर झाले होते. "मी ऐकतोय."

"मांडलं की साहेब," भगवानराव म्हणाले. "टीव्हीवर मांडलं."

ते बाहेर गेले. अर्जदाराने पुरावा सादर न केल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे, असं पुढल्या आठवड्यात पत्र आलं.

ते वाचनालयात येत राहिले. मला वाटलं होतं येणार नाहीत. दहाला यायचे, पेपर वाचायचे, नमस्कार करायचे. टेबलाशी बसायचे मात्र नाहीत. एकदा मीच उठून त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "भगवानराव, अपील करू. मी कडक लिहितो या वेळी."

त्यांनी पेपरातून वर पाहिलं. "ऱ्हाऊ द्या, सर. तुमी गोडच लिवता." त्यात टोमणा नव्हता. नुसतं सांगितल्यासारखं म्हणाले आणि पान उलटलं.

सबनीसांचे पुढे चार फोन आले. बाटलीवाला लोकांना फार आवडला होता, त्याचे आणखी भाग हवे होते. मी लिहून दिले नाहीत. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतले. दोन वर्षं गावातली पोरं भगवानरावांच्या मागून बोट वर करून चालायची. लाइन बदलली नऊ वर्षांनी, कुठल्याशा योजनेत, आपोआप. तेव्हा भगवानराव हयात नव्हते. शालन मला एकदा बाजारात भेटली. बाटल्यांचं काय केलं, असं विचारायचं फार मनात होतं. मी तिला मुलांच्या शाळेचं विचारलं.

परवा जुनी कागदपत्रं आवरताना त्या प्रहसनाची प्रत सापडली. ऋजुताने नंतर टपालाने पाठवली होती, तुमच्या संग्रही असावी म्हणून. मी ती बहुधा तेव्हा उघडलीच नव्हती. समासात लाल खुणा आहेत. चौथ्या पानावर केरकरांनी वाचताना जागच्या जागी सुचवलेला मजकूर हाताने लिहिलेला आहे, 'बा. क्र. १ पितो, नाच'. त्या पानावर लाल खूण एकही नाही. ती मुलगी तेव्हा फोनवर होती. कागद माझ्यापुढे होता.

खूण नसती तर तो नाच गेलाच असता. सबनीसांचं तेवढं एकच शास्त्र होतं.

त्या ओळीसमोर निळ्या शाईच्या दोन खुणा आहेत. त्या वेळी मी निळी शाई वापरत असे.